बाळंतपणातील औषधे आणि त्यांच्या चाचण्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गर्भवती स्त्रीवर औषधाची चाचणी हे शब्द कानावर पडताच निपाणी, चिकोडी वा खानापूरच्या घरांत शंका उमटते, आणि ती अनाठायी आहे असेही म्हणता येत नाही. मात्र बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने २००२ पासून ज्या चाचण्यांत भाग घेतला, त्यांचे निष्कर्ष पाहता या शंकेमागील काही समजुती तपासून घ्याव्या लागतात.

गैरसमज : चाचण्यांपासून दूर ठेवले की गर्भवती सुरक्षित राहते.

वस्तुस्थिती : थॅलिडोमाइड हे औषध १९५०च्या दशकाच्या अखेरीस गर्भवतींच्या मळमळीवर दिले गेले आणि त्यामुळे जगभरात हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली, पण हा अनर्थ चाचणी केल्यामुळे नव्हे, तर गर्भावरील परिणामांची पुरेशी तपासणी न करताच औषध बाजारात आल्यामुळे घडला. चाचणी टाळली म्हणून औषधे घेणे थांबत नाही; फक्त त्यांचे परिणाम मोजले जात नाहीत.

गैरसमज : बाळंतपणात रक्त किती गेले हे अनुभवी नजरेला अचूक कळते.

वस्तुस्थिती : बाळंतिणीच्या अंगाखाली पसरून रक्त गोळा करणारी, मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी बेळगावच्या संशोधनात वापरण्यात आली, तेव्हा नजरेचा अंदाज या मापापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरत असल्याचे आढळले. ५०० मिलिलिटर वा त्याहून अधिक रक्त जाणे म्हणजे प्रसूतिपश्चात रक्तस्राव, अशी व्याख्या असल्याने एवढी चूक उपचाराला उशीर होण्यास पुरेशी ठरते.

गैरसमज : काही स्त्रियांना औषधाऐवजी नुसतीच गोळी देणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे.

वस्तुस्थिती : बाळ जन्मल्यावर गर्भाशय आवळले नाही, तर वार जिथे चिकटलेली असते तेथील रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात आणि अंगावरून भरमसाट रक्त जाते. गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात २००२ ते २००५ या काळात, घरी आणि उपकेंद्रांत होणाऱ्या बाळंतपणांत झाली. १,६२० स्त्रियांपैकी कोणाला ६०० मायक्रोग्रॅम औषध व कोणाला प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळेल, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरत असे; ज्यांना प्लासिबो मिळाली त्यांच्यापासून चालू उपचार काढून घेतलेला नव्हता, कारण अशा ठिकाणी असे औषध देण्याची तेव्हा पद्धतच नव्हती, आणि बाळंतिणीवर नर्सबाईंचे लक्ष दोन्ही गटांत सारखेच होते. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. थंडी वाजणे व ताप हे तात्पुरते त्रास मात्र वाढले. हे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. तरीही ही गोळी मनाने घेण्याची नव्हे, कारण बाळ पोटात असताना चुकीच्या मात्रेत घेतल्यास गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.

गैरसमज : मोठ्या रुग्णालयात गुणकारी ठरलेले औषध खेड्यातही तितकेच गुणकारी असते.

वस्तुस्थिती : अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत जुनी आणि मान्य आहे. तिचा प्रसार ग्रामीण स्तरापर्यंत करून पाहणारी चाचणी बेळगाव व नागपूरसह सहा देशांत झाली. २०१५ च्या अहवालानुसार एकूण नवजात मृत्यू घटण्याऐवजी हजारी २३.९ वरून २७.४ झाले आणि मातांमधील जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. औषध मिळालेल्या बहुतेक स्त्रियांची बाळे प्रत्यक्षात फार लहान नव्हती, म्हणजे ज्यांना गरज नव्हती त्यांनाही ते मिळाले होते. पुढे सोनोग्राफीने दिवस निश्चित करून आणि नवजात बालकांच्या काळजीची सोय असलेल्या रुग्णालयांपुरती मर्यादा घालून भारतासह पाच देशांत चाचणी झाली, तेव्हा २०२० च्या निष्कर्षांत नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आलेले दिसले. औषध तेच होते; फरक ते कोणाला, कोठे आणि कोणत्या सोयींसह दिले यात होता.

गैरसमज : एकदा सही वा अंगठा दिला की माघार घेता येत नाही.

वस्तुस्थिती : संमती म्हणजे केवळ सही नव्हे, तर स्त्रीला समजणाऱ्या भाषेत धोके, फायदे व पर्याय सांगितल्यानंतर तिने स्वेच्छेने दिलेला होकार होय; सीमाभागात त्यासाठी मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील माहिती हवी. तिला कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे तिचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते, २००९ पासून भारतीय नोंदवहीत तिची आगाऊ नोंद करणे बंधनकारक आहे, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. म्हणून होकार देण्यापूर्वी मंजुरी कोणाची, नोंदणी क्रमांक कोणता आणि इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे गर्भवतीने व तिच्या घरच्यांनी विचारणे हा त्यांचा हक्क आहे.