डिस्क भरली, आता काय हलवायचं?

माझ्याकडे लिनक्सबद्दल विचारायला येणाऱ्यांची अडचण बहुधा एकच असते: १२० जीबीचा एसएसडी भरला, १ टीबीची नवी डिस्क जोडली, आता कोणत्या डिरेक्टरी तिकडे न्यायच्या? उत्तर अवघड नाही, पण त्याआधी काही समज बाजूला ठेवावे लागतात.

गैरसमज: नवी डिस्क म्हणजे नवा ‘डी ड्राइव्ह’. युनिक्सच्या घराण्यात डिस्कना अशी अक्षरं नसतात. ‘/’ या रूटपासून सुरू होणारं एकच झाड असतं आणि डिस्क त्याच्या एखाद्या फांदीवर माउंट करतात. /होम नव्या डिस्कवर गेलं तरी त्याचा पत्ता /होमच राहतो. प्रोग्रामना डिस्क बदलल्याचं कळतही नाही.

गैरसमज: /यूएसआर सर्वांत जड, म्हणून आधी तेच हलवावं. या सल्ल्यामागे खरा इतिहास आहे. १९७१च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची पीडीपी-११ वर युनिक्स घडवत होते. तेव्हाच्या डिस्क इतक्या लहान की आज मोबाइलवर काढलेले दोन फोटोही त्यांत मावले नसते. वापरकर्त्यांच्या फायली दुसऱ्या डिस्कवर /यूएसआरमध्ये असत. पहिली डिस्क अपुरी पडली तसे प्रोग्रामही तिकडेच गेले. पुढे वापरकर्त्यांना /होम मिळालं, प्रोग्राम मात्र /यूएसआरमध्येच राहिले.

आज चित्र उलटं आहे. फेडोराने २०१२ मध्ये /बिन आणि /लिब /यूएसआरमध्ये विलीन केली. डेबियनमध्येही २०२३च्या आवृत्ती १२ पासून हीच रचना बंधनकारक आहे. त्यामुळे मशीन सुरू होताना अगदी आधी लागणारी शेल आणि माउंट कमांडसुद्धा /यूएसआरमध्येच असतात. /यूएसआर वेगळ्या डिस्कवर ठेवलं, तर बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या इनिटरॅमएफएस या तात्पुरत्या फाइलसिस्टिमला ती डिस्क आधी जोडावी लागते. हे जमतं, पण घरच्या संगणकावर हा व्याप घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि /ईटीसी तर हलवूच नका, कारण कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते सांगणारी एफएसटॅब फाइल तिथेच असते.

हलवण्याजोग्या डिरेक्टरी दोन: /होम आणि लॉग, कॅश, डेटाबेस जिथे असतात ती /व्हार. त्याआधी ‘डीयू’ कमांडने जागा कुठे गेली ते पाहा. अनेकदा डाउनलोड केलेल्या पॅकेजांची कॅश आणि जुने लॉग साफ केले की काही हलवण्याची गरजच उरत नाही.

गैरसमज: फाइल मॅनेजरमधून कॉपी-पेस्ट केलं की झालं. फायलींचा मजकूर येतो, पण मालकी, परवानग्या आणि हार्डलिंक हरवू शकतात. /व्हारमध्ये हे फार महागात पडतं: मालकी बदललेला डेटाबेस सुरूच होत नाही. तो चालू असताना कॉपी केली, तर अर्धा डेटा जुना आणि अर्धा नवा अशी खिचडी हाती येते. म्हणून बॅकअप घ्या, लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करा आणि मालकी, हार्डलिंक, एसीएल जपणारे पर्याय देऊन ‘आरसिंक’ चालवा.

गैरसमज: एफएसटॅबमध्ये ‘एसडीबी१’ लिहिलं की पुरे. दुसरी डिस्क जोडली की ही नावं बदलू शकतात. त्याऐवजी फाइलसिस्टिमची न बदलणारी ओळख, म्हणजे यूयूआयडी लिहा. रीबूटपूर्वी ‘फाइंडएमएनटी’ कमांडच्या व्हेरिफाय पर्यायाने फाइल तपासा, एका चुकीच्या ओळीने मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकू शकतं.

गैरसमज: नवी डिस्क माउंट झाली की जुनी जागा मोकळी होते. होत नाही. जुन्या /होममधल्या फायली नव्या माउंटखाली झाकल्या जातात. त्या दिसत नाहीत, पण जागा अडवून बसतात. म्हणूनच डिस्क एकूण किती भरली ते दाखवणारी ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ यांचे आकडे जुळत नाहीत. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं, की रूट दुसऱ्या रिकाम्या डिरेक्टरीवर बाइंड माउंट करा. तिथून जुन्या /होमच्या आतल्या फायली पुसा, पण रिकामी डिरेक्टरी राहू द्या: नवी डिस्क तिच्यावरच माउंट होते.