पोपटीनंतरची दोन वाक्यं

खांब गावात माझ्याकडे गोष्टी घेऊन येणाऱ्या मुलांना मी शेवटचा परिच्छेद झाकून वाचायला सांगते. बहुतेक वेळा गोष्ट त्याच्या आधीच पुरी झालेली असते.

या थंडीत एका मुलाने पोपटीची गोष्ट आणली. मुंबई-गोवा हायवेच्या रुंदीकरणात जमीन गेली आणि मोबदल्यावरून दोन भावांनी अबोला धरला. पोपटीच्या रात्री शेतात आगटी पेटलेली, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला नि वालाच्या शेंगा. मडकं रिकामं करताना धाकटा पहिल्या वाफाळत्या शेंगा थोरल्याच्या ओंजळीत घालतो. थोरला एक सोलून खातो आणि म्हणतो, "मीठ कमी पडलंय." वाचताना माझा घसा दाटला. पण पुढे लिहिलं होतं, 'दोघांतला दुरावा संपला. रक्ताचं नातं पैशापेक्षा मोठं असतं.'

दुरावा संपला? त्या मिठाच्या तक्रारीत अबोला सुटलाय, कुरबुर उरलीय. भाऊ असेच बोलू लागतात, हे वाचकाला घरोघरी ठाऊक असतं. खुलाशाच्या दोन वाक्यांनी त्याच्या वाट्याचं काम तर काढून घेतलंच, वर गोष्टही खोटी केली.

ही सवय शाळेतल्या तात्पर्यापासून लागते. गावच्या सप्ताहात कीर्तन ऐकत वाढल्यावर निरूपण हवंसं वाटणारच, आणि तिथे ते हवंच. कथेला मात्र निरूपणकार लागत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955ची. मेंढपाळांच्या वाडीत मास्तर येतो, सगळे खपून तालीम उभी करतात आणि मग दुष्काळात वाडी उठून जाते. एवढ्या हानीवर माडगूळकर प्रवचन देत नाहीत. माणसं कशी निघाली ते दाखवतात, म्हणून ती वाडी आपल्या मनातून उठत नाही.

वाचकावर विश्वास टाकायचा म्हणजे माहिती दडवायची, असं मात्र नव्हे. सातबाऱ्यावर कोणाची नावं होती, पैसे कोणाच्या खात्यात गेले, हे त्या गोष्टीत कुठेच नव्हतं. ते सांगायलाच हवं. भांबुर्डा न पाहिलेल्या वाचकाला पाला चुरगळल्यावरचा वास दिला की पुरे. भावना त्याच्या त्याला कळते, व्यवहार कळत नाही.

मुलाने ती दोन वाक्यं काढली आणि सातबारा पहिल्या पानावर आणला. थोरल्याने धाकट्याला न विचारता खात्यातून पैसे काढले, तो प्रसंग त्याला अजून लिहायचा आहे.