पावलांची लय, हृदयाची गती

आषाढी वारीसाठी शेगावहून निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी आपल्या परभणी, गंगाखेडवरून पंढरपुरास जाते. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर वारकरी शेकडो किलोमीटर चालतात. ताल पावलांना बांधतो आणि पावलांच्या श्रमानुसार हृदयाची गती ठरते. इथियोपियाचा धावपटू हैले गेब्रसेलासी याने १९९८ मध्ये ‘स्कॅटमन’ या गीताच्या तालावर धावून २००० मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला, तो याच तत्त्वावर.

दिवसभर पेढीवर बसणाऱ्या व्यापारी बांधवांस हा हिशेब अवघड नाही. २२० मधून वय वजा करावे. साठाव्या वर्षी हृदयगतीची अंदाजे कमाल मर्यादा १६० येते. मध्यम व्यायामास तिचे ५० ते ७० टक्के, म्हणजे मिनिटास ८० ते ११२ ठोके योग्य. भरभर चालताना मिनिटास सुमारे १०० पावले पडतात. तेवढ्याच ठोक्यांच्या लयीचे स्तवन लावावे. आरंभी व अखेरीस पाच-पाच मिनिटे संथ लय असावी. मध्येच थांबून नाडी १५ सेकंद मोजावी व चारने गुणावे.

रक्तदाबावरील काही औषधांनी नाडी मंद राहते. अशांनी आकड्यावर विसंबू नये, डॉक्टरांना विचारावे. चालताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये, ही साधी कसोटी.

जिंतूरजवळील नेमगिरीचा चढ चढताना मात्र सपाटीवरची लय धरू नये. ताल तोच राहिला तरी चढावर हृदयाचे श्रम वाढतात. तेथे स्तवन संथच हवे.