तंबोऱ्याचं माप गळ्यावरून

नागपूरजवळच्या कुहीतल्या मुलाला आज गाणं शिकायचं असेल तर तंबोरा मोबाइलमध्ये मिळतो. बोटाने पट्टी सरकवली की सा हजर. सोय चांगलीच आहे, पण तिच्यामुळे एक प्रश्न शिकणाऱ्यापुढे येतच नाही: तंबोरा केवढा घ्यायचा? खरा तंबोरा घ्यायला गेलं की दुकानदार उलट विचारतो, ‘जेन्ट्स की लेडीज?’ हे निम्मंच उत्तर झालं.

युकुलेले हे तारांचं छोटं वाद्य घेणाऱ्याचं काम त्या मानाने सोपं. मडेरा बेटावरून १८७९ मध्ये होनोलुलूला आलेल्या पोर्तुगीज कारागिरांनी हवाईत ते घडवलं. सोप्रानो साधारण २१ इंच, कॉन्सर्ट २३, टेनर २६. तिन्ही सहसा एकाच स्वरांत लावतात. त्यामुळे बोटांना पडद्यांमध्ये जागा पुरते का आणि आवाज किती भरीव हवा, एवढंच बघायचं. सुमारे ३० इंचांचा बॅरिटोन मात्र खालच्या स्वरांत जातो. तंबोऱ्याला पडदेच नाहीत. त्याचं माप हातावर नाही, गळ्यावर ठरतं.

हे माप मिरजेतल्या तंबोऱ्याच्या कारखान्याआधी शेतातच ठरू लागतं. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला यासाठी मोठे भोपळे पिकवतात. ते वाळवून कापले की घेर जेवढा निघेल तेवढा. कारागीर तो वाढवू शकत नाही. रुंद घेराचा पुरुषी तंबोऱ्याला, मध्यम बायकी तंबोऱ्याला. मग तबली, दांडी, खुंट्या. शिकलगारांच्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत हे काम सुरू केलं. पूर्वी ही मंडळी हत्यारांना धार लावत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पुरुषी तंबोरा साधारण पाच फुटांचा आणि काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपासचा. बायकी चार-साडेचार फुटांचा, काळी चार-पाचचा. वादकांच्या साथीची तंबोरी याहून लहान. तार लांब आणि जाड असली की स्वर खाली जातो, ताण वाढवला की वर. मोठ्या तंबोऱ्यावर काळी पाच लावायला गेलात तर तार तुटण्याचीच भीती. उलट लहान तंबोरा काळी एकपर्यंत उतरवला की तारा ढिल्या पडतात, जवारी, म्हणजे तारांची घुमणारी गुंज, झणझणण्याऐवजी खरखरते. घोडीवर तार आणि तिच्याखालचं सूत यांचा मेळ ठरावीक ताणावरच बसतो. तारांच्या जाडीत बदल करून थोडं सावरता येतं, पण भोपळ्याचा घेर काही बदलत नाही.

म्हणूनच बायकी-पुरुषी ही नावं मला अपुरी वाटतात. किराणा घराण्याचंच बघा. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ उंच पट्टीत गात, आणि त्याच परंपरेतल्या गंगूबाई हनगल यांचा आवाज घशावरच्या उपचारानंतर खाली उतरून भरदार झाला. लेबल वाचून तंबोरा द्यायचा तर दोघांनाही चुकीचाच हाती पडेल.

तेव्हा आधी पेटीवर आपला सा शोधावा. खाली मंद्र पंचम ऐकू येईल इतका लागतो का, वर तार मध्यमापर्यंत न ओरडता जाता येतं का, हे काही दिवस वेगवेगळ्या वेळी पाहावं. सकाळचा गळा खाली असतो, एकाच बैठकीवर विसंबू नये. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलासाठी तर मोठी खरेदी लांबवलेलीच बरी. तोवर मोबाइल आहेच. भजनी मंडळात सगळ्यांची पट्टी पेटीवालाच ठरवतो, तिथे एकट्याच्या मापाचा तंबोरा घेण्यात फारसा अर्थ नाही.

तंबोरा मिरजेहून आणायचा तर तिथून नागपूरला महाराष्ट्र एक्सप्रेस थेट येते, पुढे कुही चाळीसेक किलोमीटर. पाच फुटांचा तंबोरा बाकाखाली सरकवायची हिंमत करू नये. भोपळ्याला तडा गेला तर दुरुस्तीसाठी पुन्हा तीच गाडी. निघण्यापूर्वी तारा सैल कराव्यात आणि भोपळ्याभोवती जाड गोधडी बांधावी.