उत्तर आले कुठून? डेटाबेसमधील माहितीच्या उगमाचा शोध

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. १९७० साली आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले. त्यातून पुढे एसक्यूएलसारख्या भाषा आल्या. या भाषांत वापरणाऱ्याने काय हवे एवढेच सांगायचे असते. कोणते तक्ते कोणत्या क्रमाने चाळायचे हे यंत्रणा ठरवते. त्यामुळे काम सोपे झाले, पण उत्तरापर्यंतची वाट नजरेआड गेली. उत्तर चुकीचे वाटले तर मुळातली कोणती नोंद तपासायची, हे त्यातून कळत नाही. उगमाचा माग ठेवण्याचे शास्त्र या अडचणीतून उभे राहिले.

एक छोटा तक्ता घेऊ. त्यात थेट गाड्यांच्या तीन नोंदी आहेत: क म्हणजे पुणे ते मिरज, ख म्हणजे मिरज ते कोल्हापूर आणि ग म्हणजे पुणे ते कोल्हापूर. क्वेरी अशी, की पुण्याहून थेट किंवा एकदा गाडी बदलून कुठे जाता येईल? उत्तरात कोल्हापूर येते. ते का आले?

या प्रश्नाची उत्तरे टप्प्याटप्प्याने नेमकी होत गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठात जेनिफर विडम यांच्या गटाने २००० च्या सुमारास डेटा वेअरहाउससाठी, म्हणजे अनेक ठिकाणचा डेटा एकत्र साठवणाऱ्या भांडारासाठी, नोंदींची वंशावळ शोधण्याची रीत दिली. तिच्यानुसार कोल्हापूरला कारणीभूत नोंदी क, ख आणि ग. पण तिन्ही लागतात की एखादी पुरते, हे त्यातून समजत नाही. २००१ मध्ये पीटर ब्युनमन, संजीव खन्ना आणि वांग-च्यू टान यांनी दोन प्रश्न वेगळे केले. उत्तर का आले? एकटी ग पुरेशी आहे, किंवा क आणि ख मिळून. उत्तरातले मूल्य कोठून आले? ‘कोल्हापूर’ हा शब्द ख किंवा ग या नोंदीच्या अंतिम स्थानकाच्या रकान्यातून उचलला गेला.

२००७ मध्ये टॉड ग्रीन, ग्रिगोरिस कार्वूनाराकिस आणि व्हॅल टॅनन यांनी या साऱ्याला बीजगणिताचा पाया दिला. दोन नोंदी जोडून उत्तर मिळाले तर गुणाकार, पर्यायी वाटांनी मिळाले तर बेरीज. कोल्हापूरची राशी होते ग + क×ख. उत्तर कसे घडले याची संपूर्ण हकिगत या राशीत असते आणि तिचे उपयोग अनेक आहेत. प्रत्येक अक्षराला १ किंमत दिली तर २ मिळतात; म्हणजे वाटा दोन. ग नोंद खोटी निघाली तर तिथे शून्य ठेवायचे. क×ख उरते, म्हणजे उत्तर टिकते. अक्षरांच्या जागी भाडे ठेवून बेरजेऐवजी किमान आणि गुणाकाराऐवजी बेरीज घेतली, की सर्वांत स्वस्त प्रवास मिळतो. क्वेरी पुन्हा चालवावी लागत नाही.

अडचणीही आहेत. गाडी कितीही वेळा बदलण्याची मुभा दिली आणि मार्गांत चक्र असले, तर वाटा अनंत होतात. तिथे राशीऐवजी अनंत श्रेणी लागते. साध्या क्वेरीतही राशी प्रचंड फुगू शकते. म्हणून सामाईक भाग एकदाच साठवणाऱ्या सर्किटचा आधार घेतात. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीवर चालणारे प्रोव्हएसक्यूएल हे साधन तसेच करते. एकूण, सरासरी अशा गोळाबेरजांसाठी या बीजगणिताचा विस्तार २०११ मध्ये झाला. ‘अमुक उत्तर का आले नाही?’ हा प्रश्न अधिक अवघड, कारण नसलेल्या नोंदीला वंशावळ नसते. अ‍ॅड्रिएन चॅपमन आणि एच. व्ही. जगदीश यांनी २००९ मध्ये क्वेरीच्या कोणत्या पायरीवर अपेक्षित नोंद गळली, हे दाखवण्याची पद्धत दिली.

हा माग ठेवायला जागा आणि वेळ खर्च होतो. तरीही ज्या उत्तरावर कुणाचे कर्ज, उपचार किंवा अनुदान ठरते, त्याचे मूळ दाखवता येणे ही त्या यंत्रणेची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडण्याचे गणित आज उपलब्ध आहे.