एकाच क्षणाचा हिशेब

३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास बिना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वीजवाहिनी बंद पडली आणि पाहता पाहता संपूर्ण उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच संकट पूर्व व ईशान्य भारतालाही कवेत घेऊन परतले. सुमारे ६० कोटी लोकवस्तीच्या प्रदेशात रेल्वेगाड्या जागीच थांबल्या, कोळशाच्या खाणींत कामगार अडकले. पश्चिमेकडील जाळे तगले, म्हणून महाराष्ट्रातील दुकानांचे दिवे मात्र तेवत राहिले.

असे का घडते? वीज हा मोठ्या प्रमाणावर गोदामात भरून ठेवता येणारा माल नव्हे. जेवढी खपते तेवढीच त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते. आपल्याकडे विजेची लहर सेकंदाला ५० आवर्तने करते. दोन दूरच्या ठिकाणांच्या लहरींमध्ये जे अंतर पडते, त्याला कलांतर म्हणतात. हे अंतर वाढत जाणे म्हणजे वाहिनीवरील ताण वाढत जाणे. ते मर्यादेपलीकडे गेले की जाळे विस्कटते.

अडचण मोजमापाची होती. नियंत्रण केंद्राकडे ठिकठिकाणचे आकडे काही सेकंदांच्या अंतराने, वेगवेगळ्या क्षणी घेतलेले येत. एका शाखेची सोमवारची शिल्लक आणि दुसरीची मंगळवारची शिल्लक एकत्र मांडून ताळेबंद जुळवावा, तसा हा प्रकार होता. आकडे खरे, पण हिशेब खोटा.

हा गुंता सोडवण्यात मोठा वाटा आहे डॉ. अरुण फडके यांचा. खरगपूरच्या आयआयटीतून पदवी आणि १९६४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवलेले फडके १९७० च्या दशकात एका अमेरिकन वीज कंपनीत संगणकाच्या साहाय्याने वाहिन्यांचे संरक्षण करण्याच्या कामात गुंतले होते. त्या काळचे संगणक मंद होते. गणित हलके करण्यासाठी त्यांनी जी रीत बसवली, तिच्यातून लहरीचे अचूक मापन जणू उप-उत्पादन म्हणून हाती आले. मूळ मालापेक्षा हे उप-उत्पादनच अधिक मोलाचे ठरले.

पुढे ते व्हर्जिनिया टेक विद्यापीठात प्राध्यापक झाले. कॉर्नेल विद्यापीठाचे डॉ. जेम्स थॉर्प हे त्यांचे संशोधनातील सहकारी. शेकडो मैलांवरील लहरींची तुलना करायची तर सर्व ठिकाणी एकच घड्याळ हवे. एका सेकंदाच्या दहालक्षांशाइतके अचूक असे हे घड्याळ जीपीएस उपग्रहांनी पुरवले. १९८८ मध्ये विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पहिले ‘फेझर मेजरमेंट युनिट’ सिद्ध झाले. प्रत्येक मापनावर त्याच्या क्षणाची मोहोर उमटू लागली, तीही सेकंदाला अनेक वेळा.

तथापि, उत्तम मालालाही गिऱ्हाईक लगेच मिळतेच असे नाही. वर्षानुवर्षे ही यंत्रे मोजक्याच ठिकाणी बसली. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा नोंदींची घड्याळे परस्परांशी जुळत नसल्याने घटनाक्रम लावताना तपास समितीची दमछाक झाली. त्यानंतर समकालिक नोंदींचे महत्त्व सर्वांना पटले. २००८ मध्ये फडके आणि थॉर्प यांना बेंजामिन फ्रँकलिन पदकाने गौरवण्यात आले.

भारतातील २०१२ च्या घटनेचा उलगडा करताना उत्तरेत तोवर बसवलेल्या थोड्याशा यंत्रांच्या नोंदी चौकशी समितीच्या उपयोगी पडल्या. पुढे पॉवरग्रिडने देशभर अशी यंत्रे बसवण्याचे काम हाती घेतले. आज सूर्य आणि वारा यांपासून मिळणारी वीज वाढत आहे. ढग आला की उत्पादन घटते, वारा पडला की पवनचक्क्या मंदावतात. अशा चंचल आवकीचा हिशेब क्षणाक्षणाला ठेवणे आता अपरिहार्य झाले आहे.

प्रयोगशाळेतील भांडवलाचा परतावा एका आर्थिक वर्षात मोजता येत नाही. येथे बीज १९७० च्या दशकात पडले आणि त्याचे फळ पुढील पिढीच्या हाती आले. दुकानाचे शटर उघडून बटण दाबताच दिवा लागतो, त्यामागे असा कित्येक वर्षांचा, कुणी न पाहिलेला संयम उभा असतो.