कुराज्यकथेतील माणसे

पुराण दहा जणांत बसून ऐकावे आणि कादंबरी एकट्याने वाचावी, असा आपल्या घरांतून चालत आलेला रिवाज आहे. कादंबरीतील पात्रांच्या मनात शिरावयाचे तर एकान्त हवा, असे त्याचे समर्थनही करण्यात येते. गेल्या चातुर्मासात आमच्या पौडच्या घरी हा रिवाज मोडला गेला, आणि तोही अशा एका कादंबरीच्या बाबतीत, की जिच्यात जिवंत माणसे जवळजवळ नाहीतच असा जाणत्यांचा तिच्यावर आक्षेप आहे. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज ग्रंथकाराची, १९४९ च्या जून महिन्यात लंडनास प्रसिद्ध झालेली 'नाइन्टीन एटीफोर' ही ती कादंबरी होय.

रामराज्याची वर्णने आपल्या परिचयाची आहेत. त्याच्या नेमके उलट, म्हणजे जेथे राज्य सर्वशक्तिमान आणि माणूस कस्पटासमान, असे भावी काळाचे चित्र रंगविणाऱ्या कादंबऱ्यांची एक परंपराच पाश्चात्य वाङ्मयात निर्माण झाली. रशियन लेखक झाम्यातिन याच्या 'वुई'मधील माणसांस नावेसुद्धा नाहीत, नुसते क्रमांक आहेत. १९३२ साली निघालेल्या हक्सलेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये माणसे बाटल्यांतून तयार होतात. अशा कथांस आपण सोयीसाठी कुराज्यकथा म्हणू. त्यांत स्वभावचित्रणाला वाव तो कितीसा असणार? इ. एम्. फॉर्स्टर याने १९२७ साली कादंबरीतील पात्रांचे 'सपाट' आणि 'गोल' असे दोन वर्ग पाडले, ते पुढे आपल्याकडील टीकाकारांच्याही अंगवळणी पडले. त्या मापाने ऑर्वेलची बहुतेक पात्रे सपाट ठरतात. माझेही मत आरंभी हेच होते. ते बदलले कसे, हे सांगण्यासारखे आहे.

वाचनाची तऱ्हा आमच्या पुतणीने ठरविली. ती पुण्यास महाविद्यालयात शिकते व रविवारी घरी येते. प्रत्येकाने एका पात्राचे वकीलपत्र घ्यावयाचे. ते पात्र काय बोलले आणि काय केले एवढ्याच पुराव्यावर त्याची बाजू मांडावयाची. 'मला असे वाटते' हे शब्द तिन्ही भागांचे वाचन होईपर्यंत उच्चारावयाचे नाहीत. नायक विन्स्टन स्मिथ तिने स्वतःकडे ठेवला. ज्यूलिया वहिनींकडे गेली. छळ करणारा ओब्रायन कोणी घेईना, म्हणून तो मजकडे आला. थोरल्या काकांनी, सारा जन्म कचेरीत गेलेला असल्यामुळे, विन्स्टनचा शेजारी पार्सन्स हसतहसत पत्करला. काकूंना इंग्रजी येत नाही. पुतणीने वाचावे व मराठीत सांगावे आणि काकूंनी वाती वळीत ऐकावे, असा क्रम पडला. वकीलपत्र घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. पौडला आषाढात वीज जाते ती जातेच. ज्या खोऱ्यातील पाणी सह्याद्रीखाली भिऱ्यास नेऊन मुंबईसाठी वीज करतात, त्याच खोऱ्यात आम्ही कंदील लावून बसत असू.

पहिला धक्का काकांनी दिला. पार्सन्स हा घामट, ढब्बू आणि बुद्धीने मंद गृहस्थ. सरकारी मिरवणुकींसाठी वर्गण्या गोळा करावयाच्या, पोरांच्या हेरगिरीचे कौतुक करावयाचे, हा त्याचा धर्म. शेवटी त्याची सात वर्षांची मुलगीच किल्लीच्या भोकातून कान देऊन ऐकते आणि झोपेत बापाच्या तोंडून निघालेल्या राजद्रोही शब्दांसाठी त्याला पकडून देते. आणि कोठडीत बसलेला हा बाप मुलीचा अभिमान वाहतो! आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "हा मनुष्य शेजाऱ्याचे तुंबलेले मोरीचे पाणी काढायला जो धावतो, तो नव्हे? म्हणजे बायकोने बोलावले तर विन्स्टन आला, कारण हा घरी नव्हता. पण असता तर धावलाच असता. असल्या माणसांवरच आमची कचेरी चालत होती. मी त्यांतलाच एक. कागद वरून आला की खाली पाठवायचा." त्यावर कोणी काही बोलले नाही. पार्सन्सला सपाट म्हणणे किती सोपे असते, हे मला तेव्हा कळले. त्याच्या जागी ओळखीचा चेहरा बसला की तो सपाट राहात नाही. (एकत्र कुटुंबात किल्लीच्या भोकाची गरजच नसते, असा शेरा वहिनींनी मारला. तो येथे नमूद करणे भाग आहे.)

ज्यूलियाबद्दल मायलेकींत तीन रविवार वाद झाला. विन्स्टन तिला हिणवितो की, तुझे बंड देहसुखापुरते, विचारांचे नव्हे. तो निषिद्ध ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवितो तेव्हा ती चक्क झोपी जाते. लेखकाने येथे स्त्रीला हलकी बुद्धी दिली, हा पुतणीचा आरोप. वहिनींनी पुस्तकातले एक स्थळ काढावयास लावले. दोघे ओब्रायनच्या घरी गुप्त मंडळात सामील होण्यास जातात. ओब्रायन विचारतो: खून कराल? घातपात कराल? एखाद्या मुलाच्या तोंडावर तेजाब फेकणे कार्यास उपयोगी असेल तर तेही कराल? विन्स्टन प्रत्येकास हो म्हणतो. हे सारे प्रश्न ओब्रायन त्यालाच विचारतो. तिच्या वतीनेही तोच बोलणार हे गृहीत धरतो. शेवटी, परस्परांस कायमचे सोडण्याची तयारी आहे काय, असा प्रश्न येतो, आणि तेथे ज्यूलिया मध्येच 'नाही' म्हणते. तिला कोणी विचारलेले नसते. विन्स्टनला तोच शब्द उच्चारावयास बराच वेळ लागतो. "त्या खोलीत माणसासारखे एकच उत्तर निघाले," वहिनी म्हणाल्या, "आणि ते जिला विचारले नव्हते तिच्या तोंडून."

पुतणी निरुत्तर झाली असे नाही. पण विन्स्टनची वकिली करणे तिला त्या दिवसापासून जड जाऊ लागले. तेजाबाचा होकार ती विसरू शकेना. पुढे छळाच्या प्रसंगी विन्स्टन, आपण तुमच्याहून चांगले आहो, असे म्हणतो. तेव्हा ओब्रायन ध्वनिमुद्रित करून ठेवलेले तेच होकार त्यास ऐकवितो. नायकाचे मोठेपण असे नायकाच्याच आवाजाने खोडून टाकणारा दुसरा कादंबरीकार मला माहीत नाही.

परंतु स्वभावचित्रणाचे खरे मर्म दाखविले ते काकूंनी, आणि तेही वकीलपत्र न घेता. विन्स्टनला बालपणीची एक गोष्ट आठवते. चॉकलेटची दोन औंसांची वडी घरात येते. आई त्यातला तीनचतुर्थांश भाग त्याला व उरलेला आजारी बहिणीस देते. तो बहिणीचाही तुकडा हिसकावून पळतो. आई काय करते? मुलीला एका हाताने जवळ ओढून घेते. त्याने चॉकलेट परत यावयाचे नसते, मूल वाचावयाचे नसते. तरी हात पुढे येतो. कादंबरीच्या आरंभी चित्रपटातील एक बाई असाच हात पोराभोवती घालते, गोळ्यांपासून त्याने बचाव होणार नसतानाही. ही गाठ लेखकाने स्वतःच घालून दिली आहे. आम्ही शिकलेली माणसे ती वाचून पुढे सरकलो होतो. काकूंनी ती धरून ठेवली. काही रविवारांनंतर अंगणात दुपटी वाळत घालणारी, लालभडक दंडांची, गात राहणारी ती धोबीण आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "हा तिसरा हात." मग तिसऱ्या भागात, यंत्राच्या वेदनेने पिळून निघालेला विन्स्टन ओब्रायनला लहान मुलासारखा बिलगतो आणि खांद्यांवर पडलेल्या त्याच्या जड हाताने त्यास चमत्कारिक समाधान वाटते, हे पुतणीने सांगताच काकूंच्या हातातील वात तशीच राहिली. "अगो बाई! आईचा हातही त्याने घेतला."

ओब्रायनचा वकील म्हणून मी ते प्रकरण पुन्हा तीनदा वाचले. टीकाकार म्हणतात तसा तो केवळ मतांचा पुतळा नव्हे. चष्मा नाकावर नीट बसविण्याची त्याची लकब, त्याचे थकलेले डोळे, शिक्षकाची आणि वैद्याची त्याची वागणूक, ही सारी माया कशासाठी, हे त्या एका हातामुळे उलगडते. हे राज्य माणसाचे बोलणे, स्मरण, प्रेम तर काढून घेतेच; शिवाय आईच्या मायेची खूणही वापरास काढते. कुराज्यकथेत स्वभावरेखा पुसट असतात हे खरे. पण पुसल्यामुळे त्या पुसट झालेल्या आहेत, आणि पुसताना उरलेल्या खुणा मोजणे हे येथील वाचकाचे काम आहे. एकट्याने वाचताना त्या मोजण्यास मला सवडच झाली नव्हती.

ऑर्वेलला असली सूक्ष्म घरगुती दृष्टी कोठून आली असेल, या प्रश्नाच्या मागे लागलो असता एक गोड आश्चर्य हाती आले. हा लेखक १९०३ साली बिहारात मोतीहारीस जन्मला. वडील अफूच्या सरकारी खात्यात होते. तो स्वतः ब्रह्मदेशात पोलीस अंमलदार होता. १९४१ ते १९४३ या काळात तो लंडनच्या बी. बी. सी. त हिंदुस्थानासाठीच्या ध्वनिक्षेपणाचे काम पाहात असे, आणि तेथे त्याच्या सहकाऱ्यांत वेणू चितळे ही महाराष्ट्रीय तरुणी होती. पुढे १९५० मध्ये, म्हणजे 'नाइन्टीन एटीफोर'च्या पाठोपाठ, तिची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा विषय काय? पुण्यातील एका ब्राह्मण एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्या. एकाच कचेरीत बसलेल्या दोघांपैकी एकाने घरे नाहीशी झालेले जग लिहावे आणि दुसरीने माणसांनी गजबजलेले घर! कार्यकारणाचा संबंध मी जोडीत नाही. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवावीशी वाटतात एवढेच.

आता ज्या पात्रामुळे आमच्या घरात पेच उत्पन्न झाला, त्याकडे वळतो. ते पात्र कादंबरीत कोठेच वावरत नाही. विन्स्टनचा धंदा जुनी वर्तमानपत्रे दुरुस्त करण्याचा. एकदा त्यास एक मजकूर बदलावयाचा असतो, म्हणून तो ऑगिल्व्ही नावाचा वीर पुरुष मनाने रचतो. तिसऱ्या वर्षी ढोल, बंदूक व खेळातले हेलिकॉप्टर यांशिवाय खेळणे न घेणारा, अकराव्या वर्षी चुलत्यास पकडून देणारा, तेविसाव्या वर्षी लढाईत देह ठेवणारा. चार ओळी व दोन खोटी चित्रे छापली की तो ज्यूलियस सीझरइतकाच खरा. कादंबरीतील एका पात्राने दुसरे पात्र निर्माण करण्याचा हा प्रसंग वाचून पुतणी सहज म्हणाली, "आजोबा, हे आपल्या कुलवृत्तान्तासारखेच झाले की."

काका उठून गेले. परतले ते बासनात बांधलेली खतावणी घेऊन.

येथे थोडा इतिहास सांगावयास हवा. मुळा नदीवर टाटांच्या वीजयोजनेचे धरण होऊ घातले तेव्हा मुळशी पेट्यातील पन्नासांवर गावांवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. १९२४ अखेर लढा मोडला आणि पुढे खोरे पाण्याखाली गेले. त्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या व आसपासच्या सावकारांची होती, किंवा त्यांच्याकडे गहाण होती. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात सावकारांचे हित आणि मावळ्यांचे हित कसे वेगळे पडत गेले आणि मोबदल्याकडे कोणाची पावले आधी वळली, हे स्पष्ट दाखविले आहे. त्या सावकारांत आमच्यासारखी घरे होती.

आमच्या कुलवृत्तान्तात पणजोबांच्या नावापुढे 'मुळशी सत्याग्रहात हिरिरीने भाग घेतला' अशी एक ओळ आहे. ती खोटी नाही. रामनवमीस ते तेथे होते. पण शके १८४५ च्या खतावणीत गहाणाच्या जमिनीवरील मोबदला जमा झाल्याची नोंद त्यांच्याच अक्षरात आहे, आणि ज्या कुळाची जमीन, त्याच्या नावापुढे 'चुकता' एवढाच शब्द आहे. ते कूळ कोठे गेले, हे खतावणीत नाही. काकांनी हे पान तरुणपणी पाहिले होते, असे त्यांनी त्या रात्री प्रथमच सांगितले.

कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघत असून आमच्या शाखेचा मजकूर मागविण्यात आला आहे. पुतणीचे म्हणणे, ओळ बदला. काका म्हणाले, छापलेले बदलावयाचे म्हणजे विन्स्टनचीच कचेरी उघडणे होय. वहिनींनी विचारले, मग न बदलता खाली दुसरी ओळ घातली तर? विन्स्टन जुना कागद जाळून टाकतो. आपण दोन्ही ठेवू. यावर दोन रविवार गेले. मी मधले मार्ग सुचवीत होतो, ते कोणी ऐकले नाहीत व बरेच झाले. शेवटी काकूंनी विचारले, "त्या कुळाचे नाव काय होते?" खतावणीतील मोडी अक्षर काकांनी भिंगाने लावून वाचून दाखविले.

मजकूर गेल्या पौर्णिमेस रवाना झाला. त्यात पहिली ओळ जशीच्या तशी आहे. तिच्याखाली मोबदल्याची रक्कम, शक आणि त्या कुळाचे पूर्ण नाव आहे. संपादक मंडळाचे उत्तर अद्याप आलेले नाही.